लाडवांचा हिशेब

२ मार्च

सांगलीहून चिंचवडला आलो. गाडीत माऊच्या सामानाची एक पिशवी, माझी एक, आणि आईने दिलेले डबे सात. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू (हे कोणी खात नाही, पण घरात असावेत), बाळंतसुपारी, शतावरी कल्प, तिळाची चटणी, लसणीची चटणी. पाळणा डिकीत बसला नाही, डबे बरोबर बसले.

सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, माऊला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माहेर मानवलं हो तुला." हे वाक्य रात्रीच्या तिन्ही पाजण्यांत मी उलटसुलट करून बघितलं. कौतुकच असणार. पण "हो" जरा लांबला होता.

९ मार्च

आज काट्यावर उभी राहिले. ६८.४.

प्रसूतीला दाखल होताना ७१ होते, दवाखान्यातून घरी आले तेव्हा ६५. म्हणजे माऊ, वार, पाणी सगळं मिळून सहा किलो गेले आणि तीन महिने माहेरी राहून त्यातले साडेतीन मी परत आणले. "अंगावर पाजलं की वजन आपोआप उतरतं" असं मला निदान दहा बायकांनी सांगितलं होतं. दहाही जणी आता कुठे आहेत कोण जाणे.

दिवस जायच्या आधी मी ५८ होते. ऑफिसचे कुडते तेव्हाचे आहेत. जून उजाडला की ते घालायचे आहेत. सव्वीस आठवड्यांची रजा ऐकायला भरपूर वाटते, त्यातले चौदा संपले.

११ मार्च

माऊ झोपली तशी वही घेऊन बसले आणि आईला फोन लावला.

"आई, डिंकाच्या लाडवांचं प्रमाण सांग."

"अगं मोजून कोण करतं?"

"तरी अंदाजे."

"डिंक पाव किलो. खारीक अर्धा, खोबरं अर्धा, बदाम पाव, गूळ पाऊण. तूप लागेल तसं."

"लागलं किती?"

"अर्धा किलो असेल. वर थोडं."

लाडू झाले साठ. डिंकाचं काय धरायचं ते कळेना म्हणून तो सोडून दिला, वरचं थोडं तूपही माफ केलं, तरी एका लाडवाला सव्वादोनशे कॅलरी आल्या. परत मांडलं, परत तेच. सकाळी दुधाबरोबर दोन, चार वाजता एक, रात्री झोपताना एक, असे रोज चार. नऊशे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जादा लागतात असं दिलंय. म्हणजे माऊचं दूध नुसत्या लाडवांवर निघून वर तीनशे शिल्लक. शिवाय भातावर तुपाची धार, अळिवाची खीर, आणि शतावरी कल्प घातलेलं दूध. कल्पाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर आज पहिल्यांदा वाचलं. शतावरी आहे, पण साखर तिच्या कितीतरी पुढे आहे.

आणि एवढं खाऊन मी करत काय होते? सकाळी मालिशवाल्या आजी तेल चोळायच्या, शेक द्यायच्या, पोट घट्ट बांधून जायच्या. मग मी पडून राहायची.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्या घरात पंधरा माणसं होती. वर्षभरात माझ्या ताटात तुपाची धार पडली ती बाळंतपणातच. चाळिसाव्या दिवशी मी विहिरीवर होते. तुझ्या वेळीही आणि दादाच्या वेळीही."

मी वही मिटली. नऊशे खोटे नव्हते, पण ते कुणाच्या ताटात मोजायचे हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. तिच्या वेळी ते नऊशे पाणी शेंदण्यात, दळणात, रानातल्या वाटेवर जात असणार. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट आहे.

१७ मार्च

आजपासून सुरू. मोबाईलवर एक ॲप घेतलं. त्याने वय विचारलं, उंची विचारली, वजन विचारलं, "किती लवकर बारीक व्हायचंय" हेही विचारलं. दूध पाजता का, हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दिवसाला १२०० कॅलरी असं ठरलं.

लाडवांचे डबे माळ्यावर. भात बंद, रात्री नुसतं सूप आणि काकडी. सासूबाई काकडी बघून हबकल्या. "अगं, काकडी? थंडावा बाधेल माऊला." नवरा म्हणाला, "आई, काकडी दुधात कशी जाईल?" त्या म्हणाल्या, "तू गप्प बस, तू प्यायलास तेव्हा मीही खात नव्हते." ह्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

२४ मार्च

एका आठवड्यात दीड किलो! कुणाला तरी सांगावंसं वाटतंय. माऊला सांगितलं. तिने ओकारी काढली.

१ एप्रिल

परवा पाडवा झाला. श्रीखंडाचा चमचा चाटून ठेवून दिला, ह्याचा मला कोण अभिमान. काल सकाळी दूध तापत ठेवून ओट्याशी उभी होते आणि एकदम कानात घुंईं झालं. भिंत धरून खाली बसले. दूध वर आलेलं दिसत होतं पण हात गॅसपर्यंत पोचेना. शेगडीवरून, ओट्यावरून, तिथून माझ्या पायापर्यंत दूध. सासूबाई धावत आल्या, गॅस बंद केला, मला पाणी दिलं, आणि काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माऊ आठवडाभर संध्याकाळी नुसती चिरचिर करते आहे. दर तासाला पाजायचं, दोन मिनिटं प्यायची, सोडायची, रडायची. न्हाणीघराच्या जाळीवर रोज माझ्या केसांचा पुंजका. काटा ६५.८. जे मागत होते ते मिळालं आणि माझ्याच्याने बादली उचलवत नाही.

४ एप्रिल

डॉक्टरांकडे गेलो. आधी माऊला ठेवलं काट्यावर. ५ किलो ९००. मागच्या महिन्यात ५ किलो ६०० होती. तीनशे ग्रॅम. मला तिथेच रडू फुटलं.

बाई शांत आहेत. म्हणाल्या, "काल काय काय खाल्लंस, सकाळपासून सांग." मी सांगायला लागले आणि तिसऱ्याच वाक्याला मलाच लाज वाटली. एक फुलका, अर्धी वाटी दुधी, सूप. हे मी दुसऱ्या कुणा पाजणाऱ्या बाईच्या ताटात बघितलं असतं तर तिच्या सासूला शिव्या घातल्या असत्या.

त्यांनी जे सांगितलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते. दूध एवढ्यात आटत नाही. बाळ जितकं ओढतं तितकं होतं, आई नीट जेवली नाही तरी शरीर बराच काळ रेटून नेतं. पण रेटतं कुठून? जेवणातून कॅल्शियम आलं नाही तर हाडांतून काढतं. "बाळाला मिळतंच गं, बिल तुझ्या नावावर फाटतं." माऊच्या चिरचिरीचं दुसरंही कारण निघालं. चार महिन्यांची पोरं पंखा बघतात, पडदा बघतात, आवाज झाला की तोंड काढून मागे वळतात आणि अर्धपोटी राहतात. "अंधाऱ्या खोलीत पाज. टीव्ही बंद." आमच्याकडे संध्याकाळी सात ते नऊ मालिका असतात. केस गळतात ते बाळंतपणानंतर ह्याच सुमाराला गळतात, डाएट केलं नसतं तरी गळले असते. हे ऐकून जरा बरं वाटलं.

हिमोग्लोबिन ९.४. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. मी पोट साफ होईना म्हणून फेब्रुवारीतच बंद केल्या होत्या आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. आता पुन्हा सुरू. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, आणि लोहाच्या आगेमागे चहा नाही. चहा नाही! बाकी सगळं मान्य, हे जड जाणार.

"आणि वजन?" मी शेवटी विचारलंच.

"महिन्याला दोन किलो, त्याहून जास्त नाही. पोटभर जेवून."

पोटभर जेवून. हे दोन शब्द ॲपमध्ये कुठेच नव्हते. ते ॲप रिक्षातच काढून टाकलं.

१३ एप्रिल

रात्रीची भूक ह्या विषयावर कुणी काही लिहीत नाही. दुपारची भूक सभ्य असते, थांबते. पहाटे तीनची भूक पाजायला घेतल्यावर पाचव्या मिनिटाला पोटात मूठ आवळल्यासारखी येते. एक हात माऊच्या डोक्याखाली अडकलेला, दुसरा डावा. माहेरी ह्याच वेळी आईने उशाशी ठेवलेला लाडू खायचे. लाडवाची खरी खुबी ही आहे, तो एका हाताने आणि अंधारात खाता येतो, सांडत नाही. बायकांनी हे पदार्थ उगीच नाही शोधले.

आता उशाशी फुटाणे आणि दोन खारका. पहिल्या रात्री स्टीलच्या डब्यात ठेवले होते. झाकण उघडताना "टप्प" झालं, माऊ दचकली, पुढचा एक तास मी गाणी म्हणत होते. दुसऱ्या रात्रीपासून वाटीत, वर रुमाल. पण फुटाणे चावताना होणारा आवाज आपल्याच डोक्यात एवढा मोठा वाटतो की मी ते आधी गालात धरून मऊ करते. कुणी बघितलं तर वाटेल बाई तंबाखू धरून बसली आहे.

२० एप्रिल

सासूबाईंनी न सांगता स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आहे. सकाळी नाचणीची अंबील, ताक घालून. त्या म्हणतात नाचणीने हाडं भरतात, डॉक्टरही तेच म्हणतात, आणि हे दोन पक्ष एका मतावर आलेले मी पहिल्यांदा बघते आहे. दुपारी भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, वर लिंबू, एखादी पालेभाजी, मुठीएवढा भात. भात परत आला! चार वाजता उकडलेलं अंडं. अंडं त्या स्वतः उकडत नाहीत, नवरा उकडतो, पण पातेलं वेगळं काढून देतात. तिळाची चटणी दोन्ही वेळा. अळीव रात्री नारळाच्या पाण्यात भिजवून, सकाळी चमचाभर गूळ घालून. लाडवातले तेच अळीव, तूप तेवढं वजा.

आणि एक डिंकाचा लाडू. मी मागितला नव्हता. ताटाच्या कडेला ठेवतात. पहिल्या दिवशी मी "अहो आई, नको" म्हणाले, तर म्हणाल्या, "चार नको, एक खा. तुझी आई करून देते आणि मी माळ्यावर ठेवते, हे मला बरं वाटत नाही."

पेज पीत जा, पाणी पीत जा, पाण्याने दूध वाढतं, हे मात्र दिवसातून आठ वेळा चालू आहे. तहान लागेल तेवढं प्यायचं, जास्त पिऊन दूध वाढत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी ते घरात सांगितलेलं नाही. सगळ्याच लढाया लढायच्या नसतात.

४ मे

आई-बाबा आले, हापूसची पेटी घेऊन. दोघी विहिणी माऊच्या पाळण्याशी (अखेर आला) बसून एकमताने म्हणाल्या की आंबा उष्ण, बाळाला बाधतो. मग दोघी आत चहा करायला गेल्या. मी दोन फोडी खाल्ल्या, बाठा चाटला, हात धुतले. दुसऱ्या दिवशी माऊची शी रोजच्यासारखीच पिवळी. कुणाला कळलं नाही. कोय बाबांनी खिशात घातली. खरंच.

सकाळी सहाला निगडीच्या दुर्गा टेकडीवर जाते, माऊ आजीजवळ. पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर बसले. आता वरपर्यंत जाते, पण निघताना पाजून जायचं, नाहीतर छाती दगड होते आणि कुठल्या तरी दुसऱ्याच पोराचं रडणं ऐकू आलं की कुडता भिजतो. टेकडीवर सकाळी पोरं फार रडतात.

काटा ६६ वर अडकला आहे. भात परत आला तेव्हा ६६.८ झाला होता. तेव्हा घाबरले होते, आता आठवड्यातून एकदाच बघते, सोमवारी.

२८ मे

सोमवारपासून ऑफिस. पंप आला, बाटल्या उकळल्या. काढलेलं दूध फ्रिजबाहेर चार तास चालतं, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवलं. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

कुडते घालून बघितले. दोन बसले, तिसऱ्याची चेन वर जाईना. शिंप्याकडे दिला, कडेला माया आहे म्हणाला.

मग माऊचं वजन करायचं म्हणून तिला घेऊन घरच्या काट्यावर उभी राहिले. आधी दोघींचं करायचं, मग माझं एकटीचं, मग वजाबाकी. दोघींचं ७१.३. माझं ६४.४. माऊ ६ किलो ९००. नवरा आकडे लिहून घेत होता. तो म्हणाला, "दाखल झालीस तेव्हा फाइलीत ७१ होतं ना?" मी परत एकदा काट्यावर उभी राहिले, तिला घेऊन. ७१.३. माऊने खाली वाकून लुकलुकणारे आकडे पकडायचा प्रयत्न केला.

डिंकाचे संपले. आई म्हणते, पुढच्या हिवाळ्यात करून देते, कमी तुपाचे. कमी तुपात ते वळले जाणार नाहीत हे तिलाही माहीत आहे.

मेथीचा डबा मात्र जसाच्या तसा. उघडून वास घेतला, चांगले असावेत. मेथी खवट झाली तरी कळणार कशी. सोमवारी ऑफिसला नेते.