तुम्ही विचारलंत म्हणून: शू-डू, शूबी-डू

क्लासला मुलांना सोडायला येणाऱ्या आयांपैकी कोणी ना कोणी विचारतंच. "बाई, दिवसभर पेटीवर अभंग आणि नाट्यपदं शिकवता, मग क्लास सुटल्यावर ते इंग्रजी 'शू-डू, शूबी-डू' काय लावता? एवढं आहे तरी काय त्यात?" दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज निवांत सांगते.

ते गाणं म्हणजे फाइव्ह सॅटिन्स या गटाचं 'इन द स्टिल ऑफ द नाइट', १९५६ सालचं. मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं न्यू जर्सीला, ताईकडे गेले होते तेव्हा. शेजारच्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती आणि घरामागच्या हिरवळीवर सगळे जमलो होतो. गाणं लागलं तशी आजोबांनी हातातली कागदी प्लेट गवतावरच ठेवली, शर्टाला हात पुसले आणि आजींपुढे हात केला. नाच असा नव्हताच, दोघं जागच्या जागी डुलत होती. आजींचे ओठ हलत होते. मी जवळच होते म्हणून कळलं, त्या मुख्य ओळ म्हणतच नव्हत्या. त्या गाण्यात मागे गाणाऱ्या मुलांचं 'शू-डू, शूबी-डू' म्हणत होत्या.

त्या मागच्या आवाजांतच या गाण्याचा जीव आहे. आपल्याकडे भजनात बुवा पुढे गातात आणि टाळकरी पालुपद उचलतात, पण उचलतात ते शब्दच. इथे मागच्यांना शब्दच दिलेले नाहीत. अमेरिकेतल्या शहरांत कृष्णवर्णीय पोरं आणि त्यांच्या शेजारची इटालियन घरांतली पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, जिथे आवाज घुमेल तिथे जमून गायची. वाद्यं नसायची. मग एकाने खर्ज धरायचा, दोघातिघांनी वाद्यांच्या जागा तोंडाने भरायच्या आणि एकाने प्रेमाचं गाणं म्हणायचं. याच गायकीला पुढे डू-वॉप हे नाव पडलं. या गाण्यात सॅक्सोफोन वाजतो तेव्हा त्याच्या मागे कान देऊन ऐका, 'डू-वॉप' ही अक्षरंच सापडतील.

गाणं लिहिलं फ्रेड पॅरिसने. तो तेव्हा लष्करात होता आणि रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याला ते सुचलं. ध्वनिमुद्रण झालं कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावी, सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात. ती जागा मिळवून दिली सॅक्सोफोन वाजवणाऱ्या विनी मझेटाने. ते त्याचंच चर्च. गटाच्या नावात पाच असले तरी त्या दिवशी गायला चौघेच होते. पियानो पलीकडच्या खोलीत वाजत असावा असा येतो, आवाजांना भिंतींची ओल लागल्यासारखी वाटते. चकचकीत स्टुडिओत हे गाणं इतकं जवळचं झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. रेकॉर्डच्या एका बाजूला दुसरंच गाणं होतं, हे मागच्या बाजूला. लोकांनी तबकडी उलटली आणि हेच धरून ठेवलं. ते गाजत होतं तेव्हा पॅरिस लष्कराच्या नोकरीवर जपानमध्ये होता. मला याचं आजही वाईट वाटतं.

पेटीवर वाजवून बघा. पांढरी चार सा धरा. सा-ग-प, मग ध-सा-ग, मग म-ध-सा, मग प-नी-रे, आणि पुन्हा सा. एवढंच. त्या काळची कितीतरी गाणी याच चार पायऱ्यांवरून चढली-उतरली, नंतरचीही. पण इथे प्रत्येक मात्रेचे तीन-तीन तुकडे पडतात, त्यामुळे चाल पुढे धावत नाही, झुलत राहते. आमच्या क्लासमध्ये दहा वर्षांच्या मुलालाही ती दुसऱ्या दिवशी जमते.

टिकलं मात्र ते आणखी एका कारणाने. नायक प्रेयसीसमोर उभा राहून गात नाही. मे महिन्यातली चांदण्यांनी भरलेली एक रात्र होऊन गेली आहे, ती त्याला आठवते, आणि तिचं प्रेम आपल्याजवळ राहावं अशी तो प्रार्थना करतो. म्हणजे गाणं नवं होतं तेव्हाच ते आठवणीचं होतं. आर्ट लबो या रेडिओ निवेदकाने १९५९ मध्ये 'ओल्डीज बट गुडीज' म्हणून जुन्या गाण्यांची तबकडी काढली, त्यात हे अवघं तीन वर्षांचं गाणं घेतलं, आणि ते पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत चढलं. पुढे १९८७ च्या 'डर्टी डान्सिंग' चित्रपटात आलं, बॉइज टू मेन या गटाने १९९२ मध्ये वाद्यांशिवाय गायलं, आणि दिग्दर्शक स्कोर्सेसीने २०१९ च्या 'दि आयरिशमन'ची सुरुवातच याने केली. त्या चित्रपटात एक म्हातारा माणूस मागे वळून आपलं आयुष्य सांगायला बसतो. दुसरं कुठलं गाणं तिथे शोभलं असतं?

फ्रेड पॅरिस २०२२ च्या जानेवारीत गेला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन. त्या दिवशी मी क्लास लवकर सोडला होता.

परवा एका विद्यार्थिनीला ते चार स्वरसमूह दाखवले. पहिल्या फेरीला तिची बोटं अडखळली, दुसऱ्या फेरीला भाता नीट भरला गेला. तिची आई दाराशी चपला घालत होती. तिसऱ्या फेरीला त्या आईनेच हलक्या आवाजात 'शू-डू' धरलं, आणि एक चप्पल पायात, एक हातात अशीच उभी राहिली.