सकाळी 45 मिनिटे चालणे

बीपी-शुगरच्या दिवशी आमच्या आरोग्य उपकेंद्रात निम्मे लोक गोळ्या न्यायला येतात, निम्मे बोलायला. हाताला पट्टा बांधताना माणूस जे सहज बोलून जातो ते कुठल्याच ॲपमध्ये भरता येत नाही, म्हणून मी पंप मुद्दाम हळू दाबते.

"मॅडम, नाल्याच्या पुलापाशी गेलो का छाती भरते. उभा राह्यलो का जाते मंग."

काका साठीला आलेले. पावसाळ्यात नागपूरला जनआरोग्य योजनेतून हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेली. सुटीच्या कागदावर लिहिलेलं, 'सकाळी 45 मिनिटे चालणे'. त्यांनी ते एक दिवस मोडलं नव्हतं.

"निघता किती वाजता?"

"पाचले."

"आणि झोपता?"

काका पट्ट्याकडे बघत राहिले. काकू बोलल्या, "तीनले येतेत वावरातून. या हप्त्यात लाइन रातची हाय ना."

डिसेंबर संपत आलेला, हरभऱ्याला पाणी चालू. रात्री लाइन आली की मोटार टाकायची, स्प्रिंकलरचे पाइप चिखलातून उचलून पुढच्या ओळीत मांडायचे, नोझलमधला कचरा काढायचा, तेही अंगावर पाणी घेत. तीनला घरी. दोन तासांची झोप, मग उपाशीपोटी, सकाळची गोळी न घेता (ती "जेवल्यावर" म्हणून सांगितलेली), ओट्यावरून उतरल्यापासूनच झपाझप चाल. पहाटे शरीरातली ताणाची संप्रेरकं वाढतात, बीपी चढतो, रक्त गोठायची प्रवृत्ती जास्त असते. हार्ट अटॅकही सकाळी सहा ते दुपारी बाराच्या दरम्यान जास्त येतात. त्यात थंडीनं रक्तवाहिन्या आकसलेल्या.

पण दोष पहाटेवर ढकलून मोकळं होणंही खरं नाही. अमेरिकेत हृदयरुग्णांच्या देखरेखीखालच्या व्यायामाचा अभ्यास 1993 मध्ये छापून आला. सकाळी साडेसातला आणि दुपारी तीनला व्यायाम करणाऱ्यांची तुलना होती. गंभीर घटना दर लाख तासांमागे सकाळी 3, दुपारी 2.4. म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. पण त्या लोकांनी रात्रभर पाइप वाहिले नव्हते.

चालताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ, तीही स्टेंटनंतर नव्यानं. मी त्याच दिवशी तालुक्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी बघून फोनवर सांगितलं, "नॉर्मल आहे, गॅस असेल." पलंगावर निजवून काढलेला ईसीजी अंजायनातही (हृदयाला रक्त कमी पडून छाती भरते त्यातही) नॉर्मल येऊ शकतो, हे त्यांना मी सांगायचं! 'गॅस' या निदानानं आमच्या भागात किती माणसं घरी परत पाठवलीत, देव जाणे. मी हटून बसले. शेवटी चिठ्ठी मिळाली. नागपूरला पुन्हा तपासण्या झाल्या, गोळ्या वाढवल्या, दुसरी स्टेंट लागली नाही. चालायला परवानगी दिली. वेळेचं मात्र कोणी विचारलंच नाही.

मग मीच कागदाच्या मागे लिहून दिलं. थंडीत दुपारी साडेचारला, जेवणानंतर दोन तासांनी. पहिली दहा मिनिटं रमतगमत. सोबतच्याशी बोलताना धाप लागली तर चाल कमी. छाती भरली तर बसायचं आणि त्यासाठीच दिलेली खिशातली गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत नाही गेली तर 108. एप्रिल-मेमध्ये उलटं, ऊन चढायच्या आत. आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो.

"साडेचारले?" काका हसले. "लोक म्हणतीन, बुढा कामधंदा सोडून रस्त्यानं फिरून राह्यला."

अंधारात का निघत होते ते तेव्हा कळलं. शेवटी आशाताईनं तोड काढली: तेवढ्या वेळात वावरापर्यंत सपाट वाटेनं जायचं, हातात रिकामी कॅन घ्यायची. कॅन दिसली की कोणी विचारत नाही.

रातच्या लाइनचं काय करायचं ते मला लिहिता आलेलं नाही. पोरगा चाकणला कंपनीत, रोजानं माणूस रात्री यायला तयार नाही. ओलिताच्या रात्रीनंतर चालायचं नाही, भरपूर झोपायचं, एवढं मी सांगितलं. काकूंनी लगेच विचारलं, "चालनं बंद करतो वो, पन पाइप कोन उचलन?" पुढच्या सोमवारपासून लाइन दिवसाची आहे. त्यापुढच्या हप्त्यात पुन्हा रातची.