मायनरचा पंप गप्प का बसतो?

मॉरिस मायनरची चावी फिरवली की बोनेटखालून एसयू कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू आली पाहिजे. थोडी टिकटिक होऊन शांत झाला तर ठीकच, फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भांडं) भरला की तो आपोआप थांबतो. पहिल्यापासूनच आवाज नसेल तर मात्र बिघाड. (पद्मिनीवाल्यांनी घाबरू नये, तिचा पंप इंजिनच्या कॅमवर चालतो, तो टिकटिक करतच नाही.)

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे गाडी अडली की पहिला संशय व्हेपर लॉकवर (उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन ते अडणं), आणि पंपावर ओलं फडकं. पण व्हेपर लॉकमध्ये पंप गप्प बसत नाही, उलट भराभर टकटकतो. गप्प पंप म्हणजे बहुतेक वेळा करंटची भानगड, आणि गाडी नुकतीच रंगवलेली असेल तर आधी अर्थ (अर्थिंग, गाडीच्या पत्र्यातून करंट परत जाण्याची वाट) बघा. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) जाड रंगामुळे पंपाच्या बॉडीला अर्थच मिळत नाही.

पाइप खोलण्याआधी चावी ऑन ठेवून टेस्ट लॅम्पचं एक टोक पंपाच्या टर्मिनलला लावा, दुसरं बॅटरीच्या अर्थ टोकाला. दिवा लागला नाही तर पांढरी वायर तपासा. ती इग्निशन स्विचवरून येते, तिला फ्यूज नसतो, त्यामुळे फ्यूज बदलत बसू नका. दिवा लागला तर दुसरं टोक पंपाच्या बॉडीला लावा. आता विझला? मग अर्थच गेलाय. अर्थच्या स्क्रूखालचा रंग खरवडून धातू उघडा करा.

दोन्हीकडे दिवा लागतो, तरी पंप गप्प? चावी बंद करून कार्बोरेटरकडचा पाइप सोडा, टोक बाटलीत धरा, मग चावी द्या. टिकटिक सुरू झाली तर पंप चांगला आहे, कार्बोरेटरची निडल (पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी सुई) चिकटलीय किंवा पाइप तुंबलाय.

तरीही काही नाही, तर पंपातले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क). बॅटरी सोडून काळी टोपी काढा. बंद पडून राहिलेल्या गाडीत पॉइंटवर काळा थर बसतो. जाड कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढली की बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. कॉइलची बॉडी उघडावी लागली तर खाली कापड अंथरा: डायफ्रामभोवती (पेट्रोल ओढणाऱ्या लवचीक पडद्याभोवती) पितळेचे ११ रोलर असतात आणि ते हमखास सांडतात. बसवताना डायफ्राम दाबत-सोडत उलटा फिरवत जा. रॉकर (पॉइंटची उघडझाप करणारा तुकडा) जेमतेम उडी घेऊ लागला की तिथून कडेची आणखी ४ भोकं, म्हणजे दोन-तृतीयांश फेरा, मागे.

पंप गप्प आणि हाताला गरम लागत असेल तर चावी लगेच बंद करा. टाकीकडची लाइन तुंबलेली असते, पॉइंट जुळलेलेच राहतात आणि कॉइल जळते.