खारी आणि सलाइनचा हँगर

त्या आठवड्यात माझ्याकडून एकाही बाईला ब्लाऊज वेळेवर मिळाला नाही. दोघींनी तोंडावर सुनावलं, एकीने कापड परत नेलं. कारण सांगितलं तर "कुत्र्यासाठी?" म्हणून बघतच राहिल्या. ज्यांना खरंच ऐकायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

खारी आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. गल्लीतल्याच कुत्रीचं पिल्लू. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. लसीचा पहिला डोस दिला होता, दुसऱ्याला अजून दहा दिवस होते. एक झालाय ना, मग काय होतंय, असं म्हणत मी तिला रोज संध्याकाळी मैदानावर न्यायला लागले. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

मंगळवारी तिने भात हुंगला आणि तसाच सोडला. मला वाटलं उन्हाने असेल. रात्री पिवळा फेस ओकली. पहाटे चारला मला वासाने जाग आली. साध्या जुलाबाचा वास नव्हता तो. गंजक्या पत्र्यावर काहीतरी सडत पडावं तसा. दिवा लावला तर मशीनच्या पायडलपर्यंत तांबडा ओघळ.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, पण ते माणसांच्या दवाखान्यांचं. खारीला भाजीच्या पिशवीत घालून आम्ही स्कूटरवरून सांगली गाठली. डॉक्टरांनी काडीवर नमुना घेतला आणि किटवर थेंब टाकले. कोरोनाच्या वेळी घरोघरी होतं तसलंच किट. दोन रेघा आल्या.

"पार्वो आहे, ताई."

"मग औषध?" ह्यांनी विचारलं.

"व्हायरसवरचं औषध आमच्याकडे नाही. उलटी थांबवायची, पाणी भरत राहायचं आणि तिच्या अंगाने लढायची वाट बघायची."

मग त्यांनी नीट समजावलं. शरीरात जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे हा व्हायरस घुसतो. एक म्हणजे हाडातला मगज, म्हणून पांढऱ्या पेशी घटतात. दुसरं म्हणजे आतड्याचं अस्तर. ते झडतं आणि आतड्यातले जंतू थेट रक्तात शिरतात. अँटिबायोटिक देतात ते त्या जंतूंसाठी, व्हायरससाठी नाही. अस्तर म्हटल्यावर मला बरोबर कळलं. अस्तर उसवलं की वरचं कापड किती दिवस टिकणार! पहिल्या लसीचंही तेव्हाच कळलं. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण पिलाच्या अंगात असतं, तेच कधीकधी लसीला लागू पडू देत नाही. ते ओसरायचा दिवस प्रत्येक पिलाचा वेगळा. म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा डोस द्यायचे असतात.

खारीच्या पांढऱ्या पेशी १,८०० भरल्या. निदान सहा हजार तरी हव्या होत्या.

दिवसा दवाखान्यात, रात्री घरी, असं चार दिवस चाललं. पुढच्या पायाला इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवायची नळी, त्यावर चिकटपट्टी. सलाइनची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची, बाटली कुठे टांगायची? ब्लाऊज लावायचा हँगर खिडकीच्या गजाला अडकवला आणि त्याला बाटली. मी थेंब मोजत बसायचे. टाके मोजायची सवय होतीच. दुसऱ्या रात्री अंग गार पडलं, ताप मोजला तर ९७. कुत्र्याला १०१-१०२ असायला हवा. गरम पाण्याच्या दोन बाटल्या अस्तराच्या चिंध्यांत गुंडाळून तिच्या दोन्ही अंगांना लावल्या.

सासूबाई माळकरी. कुत्र्याने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला त्यांना खपत नाही. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "दहीभात घाल गं, पोट धरेल." दुसऱ्या रात्री दोन वाजता मी डुलक्या काढायला लागले तर उठून आल्या. "तू पड जरा. आमच्या माहेरच्या म्हशीपाशी मी रात्र रात्र जागलेय." सकाळी पाहते तर खारीचं डोकं त्यांच्या मांडीवर, आणि मांडीखाली त्यांचंच जुनं लुगडं, घाण झालेलं.

उलटी थांबल्यावर उपाशी ठेवू नका, थोडं थोडं पोटात जाऊ द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. चिकनचं नुसतं पाणी, मीठ नाही, कांदा नाही. आमच्या घरात ते शिजणं शक्य नाही. शेजारच्या भाभींनी शिजवून आणलं, फाटकाबाहेरून डबा दिला. सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आतून दोन-दोन मिली, तासाला एकदा. शुक्रवारी संध्याकाळी सिरिंज पुढे केली तर तिने तोंड फिरवलं. माझ्या पोटात गोळाच आला. मग पाहिलं, ती सिरिंजकडे नाही, वाटीकडे वळली होती.

शनिवारी सलाइनची नळी चावून तोडली. डॉक्टर हसले, म्हणाले, "आता घरी ठेवा."

एकूण खर्च साडेआठ हजार. त्यातले तीन हजार मशीन दुरुस्तीसाठी ठेवलेले. मशीन अजून खडखडतंय.

साफसफाई मात्र पुढे पंधरा दिवस पुरली. हा व्हायरस फिनाईलला जुमानत नाही आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. आधी घाण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. फरशी झाली, दारापुढचा कट्टा झाला, आमच्या चपलाही झाल्या. माणसाला ह्याची लागण होत नाही, पण आपल्या पायांनी तो दुसऱ्याच्या पिलापर्यंत जातो. गल्लीत खारीची दोन भावंडं होती. ती आता नाहीत. त्यांच्या जागेवरही मी दोन बादल्या ओतून आले.

ह्या ब्लीचपायी एक घोटाळा झाला. हिरव्या खणाच्या बाहीवर थेंब उडाला आणि पांढरा डाग पडला. रंगाचा दोरा घेऊन त्यावर एक फूल भरलं आणि गिऱ्हाइकाला सगळं खरं सांगून टाकलं. तिने बाही उलटसुलट करून पाहिली. आता दुसऱ्या बाहीवरही तसलंच हवंय तिला, तेही सोमवारपर्यंत. आणि माझा खुणा करायचा चॉक खारीने खाल्लाय.