तांदळाच्या भाकरीवरची पोथी
ठाण्याजवळच्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवर वाघोबाला शेंदूर लागतो, भगताचा शब्द चालतो. पण भगताने सरकारविरुद्ध फौज उभी केल्याचं ऐकिवात नाही. लाहूंमध्ये मात्र ते पुन्हा पुन्हा घडलं. युन्नान, म्यानमार, थायलंडच्या डोंगरांतले हे लोक ग्वि शाला सृष्टिकर्ता मानतात. त्याने दिलेली पोथी तांदळाच्या भाकरीवर लिहिलेली होती, भुकेल्या लाहूंनी ती खाऊन टाकली. (आपली गाथा तरली, त्यांची पोथी पोटात गेली!) तेव्हापासून ती परत आणणाऱ्याची वाट पाहणं आलं. १९०४पासून म्यानमारच्या शान राज्यातल्या केंगतुंगला बाप्टिस्ट मिशनरी विल्यम यंग यांच्याकडे हजारो लाहू वळले, त्यामागे हीच अपेक्षा मोठी. १९७०च्या दशकात शान राज्यात मॉ ना या देवपुरुषाचे अनुयायी थेट बर्मी लष्कराशी लढले.