आधी डबल स्टँड, मग डिपस्टिक

शंभर-सव्वाशे सीसीच्या बाइकमध्ये सगळं मिळून जेमतेम एक लिटर इंजिन ऑइल मावतं, बऱ्याच गाड्यांत त्याहूनही कमी. उगाच नाही बाजारात ९०० मिलीचे डबे मिळत. एवढ्याशा ऑइलमधलं पाव लिटर कमी झालं म्हणजे चौथा हिस्सा गेला. पिस्टन, गिअर आणि क्लच प्लेटा या तिघांचं काम ते एकच ऑइल भागवतं, आणि एअरकूल्ड (वाऱ्यानं थंड होणाऱ्या) इंजिनात उष्णता वाहून न्यायचं कामही बऱ्यापैकी त्याच्याकडेच असतं. त्यात रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांना ऑइल प्रेशरचा दिवा नसतो. त्यामुळे लेव्हल आपणच बघायची, दर ५०० किलोमीटरला किंवा एकाआड एक पेट्रोल भरताना.

पण चुकीच्या पद्धतीनं बघितलेली लेव्हल न बघितलेल्यापेक्षा वाईट. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. बहुतेक गाड्यांची डिपस्टिक (टोपणाला जोडलेली, खुणा असलेली ऑइल मोजायची पट्टी) किंवा लेव्हल दाखवणारी ऑइलची काच असते उजव्या बाजूला. ऑइल डावीकडे सरकतं, डिपस्टिकवर कमी दिसतं, आणि माणूस वरून २०० मिली ओतून मोकळा होतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. अशा गाड्यांमध्ये ऑइल कमी नसतं, जास्तच असतं.

डिपस्टिकवाल्या गाड्यांचं, म्हणजे स्प्लेंडर, शाईन वगैरेंचं, आधी बघू. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी निघून जायला उतार दिलेला असतो, तो डोळ्याला जाणवत नाही पण डिपस्टिकला जाणवतो. शक्यतो फरशीवर बघा. इंजिन थंड असेल तर ३ ते ५ मिनिटं नुसतं चालू ठेवा, रेस करू नका. बंद केल्यावर २-३ मिनिटं थांबा, म्हणजे हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आणि गिअरवर चढलेलं ऑइल खाली उतरतं. बंद केल्या केल्या बघाल तर कमीच दिसेल.

डिपस्टिक काढण्याआधी तिच्या टोपणाभोवतीचा चिखल फडक्यानं पुसा. तिथली वाळू आत गेली तर पुढचं काम ऑइल गाळणाऱ्या जाळीवर आणि नशिबावर. डिपस्टिक काढून सुती फडक्यानं कोरडी करा. सूत सुटणारी चिंधी नको. आता परत घाला, पण आटे न फिरवता. टोपण भोकाच्या तोंडावर नुसतं टेकलं पाहिजे. होंडा आणि हिरोच्या गाड्यांच्या डिपस्टिकवरच्या खुणा याच हिशोबानं केलेल्या असतात. आटे बसवून बघितलं तर डिपस्टिक तेवढी जास्त खोल जाते आणि आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दिसतं. म्हणजे साइड स्टँडच्या चुकीनं ऑइल जास्त होतं, आणि आटे फिरवण्याच्या चुकीनं कमी असलेलं ऑइल पुरेसं वाटतं. आटे पूर्ण बसवूनच बघायला सांगणाऱ्या कंपन्याही आहेत, तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलं ते एक पान वाचून ठेवा. गॅरेजमध्ये सगळ्याच गाड्यांना एकच पद्धत लावली जाते.

ऑइलची ओली रेघ वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवी. अगदी वरच्या खुणेला टेकलीच पाहिजे असं काही नाही. डिपस्टिकच्या दोन बाजूंना वेगवेगळी लेव्हल दिसली, तर बाहेर काढताना ती भोकाच्या कडेला घासलेली असते. पुसून पुन्हा बघा, आणि तरीही फरक राहिला तर कमी दाखवणारी बाजू धरा.

बजाज पल्सर, केटीएम ड्यूक, रॉयल एनफिल्ड क्लासिक यांना इंजिनच्या उजव्या अंगाला गोल काच असते. पुसायची, घालायची भानगड नाही, पण हिच्या वेगळ्याच गमती. ड्यूकला डबल स्टँडच नाही. दुसऱ्याला गाडी सरळ धरायला सांगा. एकटेच असाल तर गाडीवर बसून दोन्ही पाय टेकवा, ती सरळ उभी करा, मोबाइल काचेसमोर धरून व्हिडिओ घ्या. खाली वाकून बघायला गेलात की गाडी हमखास कलते.

जुन्या गाडीची काच आतून पिवळट-तपकिरी होते आणि कायम भरलेली वाटते. अशा वेळी गाडी हळूच डावी-उजवीकडे हलवा. डावीकडे कलवताच काचेच्या वरच्या कडेतून रेघ खाली येताना दिसली, तर ऑइल खुणेच्या वर होतं. उजवीकडे कलवल्यावर खालून वर चढली, तर कमी होतं. दोन्हीकडे काहीच हलत नसेल तर काच डागाळलीय किंवा ऑइल फारच वर-खाली आहे; तिथं अंदाज बांधू नये, सगळं काढून मोजून भरावं.

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटची गोष्ट निराळी. तिथं ऑइलची टाकी इंजिनाच्या ओतकामातच, पण क्रँकपासून (पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या दांड्यापासून) वेगळी असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपून क्रँकच्या बाजूला उतरतं आणि डिपस्टिक कोरडी निघते. घाबरून अर्धा लिटर ओतलं की गाडी चालू झाल्यावर ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) बाहेर फेकलं जातं. आधी किक मारून काही मिनिटं चालवा, पंपाला ते परत टाकीत आणू द्या, मग बघा.

ऑइल खरंच कमी असेल तर ५० मिलीच्या बेतानं भरा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बघा. बऱ्याच डब्यांच्या कडेला मिलीच्या खुणांची पारदर्शक पट्टी असते, ती कामाला येते. जास्त झालं तर ते तसंच राहू देऊ नका. फिरता क्रँक ऑइल घुसळतो, फेस येतो, आणि पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. जादा ऑइल ब्रीदरच्या नळीनं एअर फिल्टरच्या डब्यात जातं, फिल्टर तेलकट होतो, गाडी धूर टाकते, सील पाझरू लागतात. काढायला खालचा नट खोलायची गरज नाही. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी आणा, डिपस्टिकच्या भोकातून आत सोडा, ओढून घ्या. इंजिन कोमट झालेलं बरं. गरम ऑइलमध्ये नळी मऊ पडते.

लेव्हल आपोआप वाढली असेल तर तो मोठा इशारा. कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोटची, म्हणजे पेट्रोल अडवणारी, सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल सिलिंडरमार्गे खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक नाकाशी धरा, पेट्रोलचा वास येईल. बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ लागेल. अशी गाडी चालवू नका. सुई दुरुस्त करून ऑइल पूर्ण बदला. वाढलेलं ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं असेल तर पाणी शिरलंय: लिक्विड कूल्ड गाडीत वॉटर पंपचं सील किंवा हेड गॅस्केट, आणि पुराच्या पाण्यातून काढलेल्या कुठल्याही गाडीत ब्रीदर किंवा एअर फिल्टरची वाट. ही गाडी तर स्टार्टच करायची नाही. पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या टोपणाला आतून पांढरट साय धरते, तिचं एवढं मनावर घेऊ नये. इंजिन पुरेसं तापत नाही म्हणून आतला दमटपणा तिथं साचतो. एखादी लांब फेरी मारली की जातो. नुसत्या काळ्या रंगावरून तर काहीच ठरवू नका. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

गाडी ऑइल खात असेल तर धुराची वेळ बघा. सकाळी स्टार्ट करताना निळा भपका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील खराब. चढावर किंवा जोर देताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. धूर नसेल तर गिअर लिव्हरच्या शाफ्टचं आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील तपासा. चेनच्या ग्रीसमध्ये तिथली गळती बेमालूम लपते.

भरायचं ते पुस्तिकेतल्याच ग्रेडचं (दाटपणाचं): हिरो-होंडाच्या लहान गाड्यांना साधारण १०डब्ल्यू-३०, रॉयल एनफिल्डला १५डब्ल्यू-५०. डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ असलंच पाहिजे. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, ती ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच चालणाऱ्या, क्लचला चालत नाहीत. क्लच घसरतो, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. जासो एमबीचं ऑइल कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असतं, ते बाइकमध्ये नको. आडगावात नेमका ग्रेड मिळाला नाही तर एमए लिहिलेलं, जवळच्या ग्रेडचं कुठल्याही कंपनीचं ऑइल १००-१५० मिली घाला आणि घरी पोचल्यावर सगळंच बदला. कमी ऑइलवर घाट चढवाल तर आधी झळ बसते ती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅम आणि रॉकरला.