मार्स पिस्तूल, अखेर डोळ्यांनी

आज इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात मार्स पिस्तूल पाहिलं. ह्यू गॅबेट-फेअरफॅक्स या इंग्रज माणसानं रचलेलं. वर्षानुवर्षं फोटोत बघत आलोय, पण ते किती अवाढव्य आहे हे समोर उभं राहिल्यावरच कळतं. लांबलचक नळी, मागे मोठा घोडा आणि सगळं हातानं घासून बसवलेलं.

आतली रचना तर विलक्षण! गोळी सुटली की नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) एकत्र मागे येतात, बोल्ट फिरून मोकळा होतो, मुठीतल्या मॅगझीनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, नवं काडतूस मागे ओढून वर उचललं जातं. चाप सोडल्याशिवाय बोल्ट पुढे जातच नाही. रिकामी पुंगळी मात्र थेट मागे, नेम धरणाऱ्याच्या दिशेनं उडते. १९०० च्या आसपास इतकी ताकदवान काडतुसं पेलणारं दुसरं स्वयंभरण (पुढचं काडतूस आपोआप भरणारं) पिस्तूल नव्हतं. ब्रिटिश लष्करानं चाचण्या घेतल्या आणि नाकारलं. धक्का जबर, यंत्रणा गुंतागुंतीची. निर्णय बरोबरच होता, असं मला वाटतं. १९०२ मध्ये गॅबेट-फेअरफॅक्स दिवाळखोर झाला.

एकूण बनली सुमारे ८०. म्हणून संग्राहक त्यावर जीव टाकतात. मला मात्र किमतीपेक्षा त्या माणसाची जिद्द मोठी वाटते. लीड्सला आलात तर जरूर बघा, प्रवेश मोफत आहे.